शिगेची बाजू

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर मावशी काही दिवस आमच्याकडे राहायला आली होती. सकाळ फिजिओथेरपिस्टच्या तावडीत जायची, रात्र गोळीने निभायची, पण दुपार तिला खायला उठायची. मालिका ती बघत नाही. "त्यातल्या बायका झोपतानासुद्धा दागिने घालतात" एवढ्यावर तिने तो विषय कायमचा मिटवलाय. एका दुपारी पायावर बर्फाची पिशवी ठेवून ती म्हणाली, "तुझं ते कॉलेजातलं काहीतरी लाव बघू. आरडाओरडा नसलेलं." मी जपानी दिग्दर्शक ओझूचा 'टोकियो स्टोरी' लावला. ओनोमिची गावातले म्हातारा-म्हातारी टोकियोतल्या मुलांकडे जातात, मुलांना वेळ नसतो, युद्धात गेलेल्या मुलाची बायको तेवढी त्यांचं मनापासून करते, परतीच्या प्रवासात म्हातारी आजारी पडते आणि घरी पोचल्यावर जाते. एवढीच गोष्ट, दोन तास सोळा मिनिटांची. खालच्या इंग्रजी ओळी मावशीला पटपट वाचता येणार नाहीत म्हणून मी शेजारी बसून मराठीत सांगत होते. थोड्या वेळाने तीच म्हणाली, "तू बोलू नकोस गं. मला कळतंय."

संपल्यावर ती बराच वेळ काही बोलली नाही. वितळलेल्या बर्फाची पिशवी बाजूला ठेवली, वॉकर ओढून घेतला, आणि उठता उठता म्हणाली, "ती मोठी मुलगी काही वाईट नाही हं." मी विचारलं, "कोण, शिगे?" "नाव काय असेल ते. ती पार्लरवाली. सगळे मिळून तिच्यावर राग काढणार, पण घरातच दुकान आहे तिचं. खुर्चीत गिऱ्हाईक बसलेलं असताना ती आईबापांना टोकियो दाखवायला कशी नेणार?" मी हसले, चहा टाकायला उठले. पण ते वाक्य मनातून जाईना. कारण माझ्या एम.ए.च्या वहीत शिगेची जागा कधीच पक्की झाली होती: युद्धोत्तर शहरीकरणात कोरडी पडलेली पिढी. खाली दोन रेघा. दहा गुणांच्या उत्तरात या एका ओळीला हमखास दोन गुण.

मी शिकले ते नव्वदच्या दशकाच्या अखेरीस, पुण्यात. जागतिक चित्रपटाचा इतिहास, १९४५ ते १९६५, असा एक पेपर होता आणि तो तळमजल्यावरच्या एका खोलीत चालायचा. खिडक्यांना काळं कापड खिळ्यांवर अडकवलेलं असायचं. दुपारी त्याच्या विरलेल्या भागातून उन्हाची भोकं पडद्यावर, म्हणजे टीव्हीवर, हलत राहायची. कॅसेट ही कॉपीची कॉपी. तिच्यावरच्या आडव्या रेघा नेमक्या सबटायटल्सच्या उंचीवर येऊन थांबायच्या, त्यामुळे बर्गमनच्या 'द सेव्हन्थ सील'मधला स्वीडनचा सरदार मृत्यूशी बुद्धिबळ खेळताना काय बोलतो ते आम्हाला सरांच्या तोंडून कळायचं. सरांचं बोट कायम 'पॉज'वर. "थांबा. आता कॅमेरा कुठे आहे?" चित्र थरथरत उभं राहायचं आणि आम्ही वीस-बावीस जण त्या थरथरणाऱ्या घराकडे बघत कॅमेरा शोधायचो. ओझूचा कॅमेरा जवळजवळ जमिनीलगत, तातामीवर, म्हणजे जपानी घरातल्या चटईवर, मांडी घालून बसलेल्या माणसाच्या नजरेच्याही जरा खाली. दोन माणसं बोलत असली की दोघंही जवळपास थेट आपल्याकडे बघून बोलतात, त्यामुळे कोण कुठल्या बाजूला बसलंय याचे पुस्तकी नियम मोडतात आणि तरी आपला गोंधळ होत नाही. दोन प्रसंगांच्या मध्ये काहीच न घडणारी चित्रं येतात: धुराडी, वाळत घातलेले कपडे, बंदरातून सरकणारी बोट. हे सगळं मी आजही झोपेतून उठवलं तरी सांगेन. सहा वाजले की शिपाई किल्ल्यांचा जुडगा वाजवत दारात उभा राहायचा, आणि पॅरिस असो की क्योतो, ते तिथेच बंद व्हायचं.

त्या पेपरात जपान सुरू व्हायचा कुरोसावापासून. मग मिझोगुची. सत्र संपत आलं, उकाडा वाढला, हजेरी पातळ झाली की ओझू. मला तो क्रम तेव्हा खटकला नव्हता; वाटायचं, सोप्यापासून अवघडाकडे नेत असतील. नंतर कधीतरी तिघांच्या पहिल्या चित्रपटांची सालं शेजारी शेजारी लिहिली तेव्हा गंमत दिसली. मिझोगुची १९२३, ओझू १९२७, कुरोसावा १९४३. म्हणजे जो सर्वांत शेवटी आला तो अभ्यासक्रमात सर्वांत आधी. याचं कारण जपानमध्ये नाही, व्हेनिसमध्ये आहे. १९५१ साली तिथल्या महोत्सवात कुरोसावाच्या 'राशोमोन'ला सुवर्णसिंह मिळाला. तो तिथे पोचला तो ज्युलियाना स्त्रामिजोली नावाच्या, टोकियोत शिकवणाऱ्या एका इटालियन बाईंमुळे; त्यांनी आग्रह धरला. ज्या कंपनीने तो काढला होता तिच्या मालकांना स्वतःला त्या चित्रपटाचं फारसं कौतुक नव्हतं. पण बक्षीस मिळालं, आणि जपानला सिनेमा आहे हे युरोपला कळलं. पुढची तीन वर्षं, १९५२, १९५३, १९५४, मिझोगुचीने व्हेनिसमध्ये लागोपाठ बक्षिसं घेतली. ओझूला मात्र त्याच्या कंपनीने बाहेर पाठवायची घाईच केली नाही; हे इतकं आपलं घरगुती आहे, परक्यांना काय कळणार, अशी समजूत. 'टोकियो स्टोरी' १९५३ चा. लंडनमध्ये त्याला सदरलँड ट्रॉफी मिळाली १९५८ साली, न्यूयॉर्कमध्ये तो रीतसर प्रदर्शित झाला १९७२ मध्ये. तोवर ओझूला जाऊन आठ वर्षं उलटून गेली होती. पाहुणे ज्या क्रमाने दारात आले त्या क्रमाने घराण्याची वंशावळ लिहावी, तसा आमचा पेपर होता. आणि दारही आमचं नव्हतं.

परक्यांना काय कळणार, म्हणे. आमच्या मावशीने पासपोर्टसुद्धा काढलेला नाही.

आमचं दार वेगळं होतं आणि ते लॉ कॉलेज रोडवर होतं. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या थिएटरात संध्याकाळी काही असलं की आम्ही विद्यापीठातून स्कूटीवर तिबल सीट निघायचो, सेनापती बापट रस्त्याने, पावसाळ्यात भिजून. भिजलेल्या ओढण्या आणि जर्किनं तशीच अंगावर ठेवून थंडगार एसीत बसायचं. दिवे गेले की प्रोजेक्टरची घरघर ऐकू यायची, आणि प्रिंट जुनी असेल तर रीळ बदलताना एक चरा उजवीकडून डावीकडे चालत जायचा. कॅसेटवर पाहिलेला चित्रपट तिथे परत पाहिला की राग यायचा, इतकं काही आपल्याला दाखवलंच नव्हतं: भिंतीचा पोत, बाईच्या मानेवरचा घाम. पांढऱ्या कपड्यांवर पांढरी सबटायटल्स तिथेही वाचता यायची नाहीत, तो भाग वेगळा. एकदा ओळखीच्या एका तंत्रज्ञाने आत नेऊन खराब होत चाललेलं रीळ दाखवलं होतं. डबा उघडल्याबरोबर व्हिनेगरचा भपकारा आला. अ‍ॅसिटेटची फिल्म सडायला लागली की असाच वास येतो. त्याआधीची नायट्रेट फिल्म सडायचीही वाट बघायची नाही, पेट घ्यायची. 'टोकियो स्टोरी'ची मूळ निगेटिव्ह आगीतच गेली. जगभर लोक जो बघून रडतात तो प्रिंटवरून काढलेल्या प्रतींचा सिनेमा आहे.

हे संग्रहालय १९६४ साली सुरू झालं आणि ते उभं केलं पी. के. नायर यांनी. त्यांच्याविषयी इतकं लिहून झालंय की मी भर घालत नाही. अंधारात बसून, छोट्या टॉर्चच्या उजेडात वहीत रीळवार टिपणं काढणारा माणूस एवढंच चित्र पुरे. मला नवल वाटतं ते त्यांच्या हव्यासाचं. फाळक्यांची रिळं त्यांनी मिळवली तशा परदेशांतल्या संग्रहालयांशी देवाणघेवाण करून तिकडच्या प्रिंटाही मिळवल्या. त्या काळात पैसे टाकून हवी ती प्रिंट आणावी अशी सोय नव्हती, परकीय चलनाची बोंब होती. त्यामुळे जे मिळालं ते आलं, आणि जे आलं ते शिकवलं गेलं. फिल्म सोसायट्यांचंही तेच. १९५९ साली सत्यजित राय यांच्या अध्यक्षतेखाली सोसायट्यांचा महासंघ झाला, मुंबईत १९६८ मध्ये प्रभात चित्र मंडळ सुरू झालं, आणि या सगळ्यांची मोठी मदार होती दूतावासांवर. पूर्व युरोपातले देश आपले चित्रपट हौसेने आणि फुकट द्यायचे. म्हणून आमच्या सरांच्या पिढीतल्या माणसाला हंगेरी आणि चेकोस्लोव्हाकियाचे दिग्दर्शक तोंडपाठ असायचे. जगाच्या सिनेमाचा नकाशा म्हणून आम्ही जो पाठ केला त्यात कलेइतकाच हात वकिलातींच्या कपाटांचा होता. याचं मला दुःख नाही. त्या कपाटांमुळे निदान हॉलिवूड म्हणजे जग अशी आमची समजूत झाली नाही, आणि ही काही लहान गोष्ट नव्हे.

नायरांच्या कामातला मला सर्वांत आवडणारा भाग पुण्याबाहेरचा आहे. कर्नाटकात शिमोगा जिल्ह्यात हेग्गोडू नावाचं सुपारीच्या बागांचं गाव आहे. तिथे के. व्ही. सुब्बण्णांनी 'नीनासम' ही नाट्यसंस्था चालवली. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस तिथे गावकऱ्यांसाठी चित्रपट रसास्वादाचे वर्ग सुरू झाले. डबे इथून, पुण्यातून जायचे. शेतकरी, मास्तर, दुकानदार बसून 'बायसिकल थीव्हज्', 'राशोमोन', 'पथेर पांचाली' बघायचे आणि मग त्यावर बोलायचे. हे मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मनात आलेली प्रतिक्रिया आजही आठवते, ती फारशी गोड नव्हती: त्यांना संदर्भ काय कळणार? युद्धोत्तर इटली, अमेरिकन अंमलाखालचा जपान, हे काही माहीत नसताना? आम्ही त्यासाठी दोन वर्षं घालत होतो, फी भरून.

आमच्या वर्गात एक मुलगा बीड जिल्ह्यातला होता. हॉस्टेलवर राहायचा, बोलायचा कमी. 'बायसिकल थीव्हज्' झाल्यावर सरांनी फळ्यावर नववास्तववादाची लक्षणं लिहायला घेतली: प्रत्यक्ष स्थळी चित्रीकरण, बिनव्यावसायिक नट, सामान्य माणसाचं जगणं. सगळे उतरवून घेत होते. हा म्हणाला, "सर, त्या चादरींचं काय?" चित्रपटात एक जागा आहे. गहाण पडलेली सायकल सोडवायला नायकाची बायको घरातल्या चादरी गहाण टाकते. खिडकीपलीकडचा माणूस त्या चादरींचं बोचकं घेऊन शिडीवर चढायला लागतो, आणि कॅमेरा त्याच्यामागे वर जातो तेव्हा दिसतं की छतापर्यंत फळ्याच फळ्या आहेत, आणि प्रत्येक फळीवर कुणा ना कुणाच्या घरच्या चादरींची गाठोडी. काही सेकंदांचं काम. तो म्हणाला, "आमच्याकडे पितळेची भांडी ठेवतात. सावकाराच्या माडीवर मी ती अशीच रचलेली पाहिलीत. त्यावर नावं चिकटवलेली असतात." सर थांबले. मग म्हणाले, "हो, तेही लिहा," आणि पुढच्या मुद्द्याकडे वळले. कुणी लिहिलं नाही. काय लिहिणार? त्याला फळ्यावर रकाना नव्हता.

फळ्यावर जे होतं तेही तपासून बघितलं तर पुरतं टिकत नाही. रस्त्यांवर चित्रीकरण खरं, पण आवाज नंतर स्टुडिओत भरलेला. तेव्हाच्या इटलीत ती सर्रास पद्धत होती. आणि बिनव्यावसायिक नट म्हणजे लांबेर्तो माज्जोरानी, कारखान्यातला कामगार. चित्रपट जगभर गाजला, हा परत कारखान्यात गेला, आणि फार काळ लोटायच्या आत त्याला कामावरून कमी केलं. बेकारीवरचा विसाव्या शतकातला सर्वांत प्रसिद्ध चित्रपट करून माणूस बेकार झाला. पुढे छोटी-मोठी कामं मिळत राहिली, पण तो चेहरा जगाच्या लक्षात राहिला आणि माणूस मागे पडला. हे मला परीक्षा झाल्यावर समजलं, आणि तेव्हापासून 'बिनव्यावसायिक नट' हे लक्षण लिहिताना हात अडतो.

आपल्याकडे हा चित्रपट आला १९५२ मध्ये. त्या वर्षी २४ जानेवारीला मुंबईत पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव सुरू झाला, फिल्म्स डिव्हिजनने भरवलेला, आणि मग तो मद्रास, दिल्ली, कलकत्त्यालाही गेला. तोवर बाहेरचा सिनेमा म्हणजे मुख्यतः अमेरिकन आणि ब्रिटिश. बिमल रॉयनी तिथे डी सिकाचा हा चित्रपट पाहिला आणि पुढच्या वर्षी 'दो बिघा जमीन' आला, हे सगळ्यांना माहीत असतं. मला त्या थिएटरांतल्या बाकीच्या लोकांचं कुतूहल आहे. ज्यांनी नंतर कुठलाच चित्रपट काढला नाही, कुठे लेख लिहिला नाही. गिरगावातून चालत आलेला कुणी कारकून, फाळणीत सगळं सोडून आलेली कुणी सिंधी बाई. चादरींनी भरलेल्या त्या फळ्यांकडे बघून त्यांना काय वाटलं असेल? याची नोंद नाही आणि असणारही नाही. सिनेमाचा इतिहास म्हणून आपण शिकतो तो बनवणाऱ्यांचा, फार तर निवडणाऱ्यांचा. बघणाऱ्यांचा इतिहास तिकिटाच्या अर्ध्या तुकड्याबरोबर डोअरकीपरकडे जमा होतो.

मावशीचं कर्वेनगरात पोळी-भाजी केंद्र होतं. दोन खोल्यांचा ब्लॉक, पुढच्या खोलीत ओटा, दोन शेगड्या, पोळ्या लाटायला दोन बायका, आणि पाचपासून दारात गिऱ्हाईक. आजी-आजोबा वाईहून एसटीने यायचे ते स्वारगेटला उतरून रिक्षाने थेट त्या पिठाच्या धुराळ्यात. त्यांना बसायला जागा म्हणजे आतल्या खोलीतला पलंग. सिनेमा बघून झाल्याच्या दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी, लसूण सोलता सोलता, मावशी आपणहून म्हणाली, "दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरी होत्या बघ एकदा. आई-बाबा आलेले. पाय ठेवायला जागा नव्हती. मी त्यांना अष्टविनायकाच्या बसमध्ये बसवून दिलं." मी काही बोलले नाही. सिनेमात शिगे आणि तिचा भाऊ पैसे काढून आईबापांना अतामीच्या गरम पाण्याच्या झऱ्यांवर पाठवतात. हॉटेल तरुणांचं, रात्रभर पत्ते-सोंगट्या आणि गाणी. म्हातारा-म्हातारी डोळे उघडे ठेवून अंथरुणावर पडलेली. आमच्या आजी-आजोबांची ती ट्रिप मला आठवते. परत आले तेव्हा आजीने सगळ्यांच्या हातावर प्रसाद ठेवला आणि म्हणाली, "छान झालं दर्शन." अतामीहून परतलेली जोडीही छान झालं असंच म्हणते. आजीची बसमध्ये झोप झाली होती का, कुणाला माहीत. मावशीनेही तेव्हा विचारलं नसावं, दारात गिऱ्हाईक होतं.

मग मावशीने शिगेची अख्खी केस लढवली. बाप मध्यरात्री दारू पिऊन मित्राला घेऊन येतो, पोलीस आणून सोडतो, तेव्हा कटकट करत का होईना, झोपायला जागा कोण देतं? शिगेच ना? आई गंभीर असल्याची तार आल्यावर ती भावाला विचारते की सुतकाचे कपडे बरोबर घ्यायचे का. आमच्या वर्गात या वाक्यावर सगळे हळहळले होते, मीही. मावशी म्हणाली, "फोन आला की सगळ्यांच्याच मनात तेच येतं. ती बोलली, बाकीचे बोलत नाहीत." अंत्यविधीनंतर जेवताना ती आईचा किमोनो मागते. "आमच्याकडे तेराव्याच्या आत आईचं कपाट उघडलं होतं. नारायणपेठीवरून काय झालं ते तुझ्या आईला विचार." एका ठिकाणी मात्र मावशी अडली. पार्लरमधली गिऱ्हाईक बाई विचारते, हे कोण आलेत? तर शिगे सांगते, गावाकडचे ओळखीचे आहेत. "ते मला आवडलं नाही," मावशी म्हणाली. "पण तिलाही ते आवडलं नसणार." हारुको सुगिमुरा या नटीने तो प्रसंग कसा केलाय हे मी त्या रात्री परत लावून पाहिलं. ती हे वाक्य बोलताना मान वळवते आणि हातातलं काम चालूच ठेवते.

आपल्याकडे हा विषय निघाला की 'नटसम्राट' आठवल्याशिवाय राहत नाही. मलाही तो आठवतो, आणि मग दोन्हींतला फरक जाणवतो. बेलवलकरांच्या वाट्याला स्वगतं आली आहेत. ओझूच्या म्हाताऱ्याच्या वाट्याला हवामान. बायको गेली त्या पहाटे तो बाहेर उभा राहून सुनेला म्हणतो की पहाट सुंदर होती, आज पण उकडणार. चिशू र्यू हा नट तेव्हा एकोणपन्नास वर्षांचा होता आणि सत्तरीचा म्हातारा करत होता. 'नटसम्राट'मध्ये कोण चुकलं हे आपल्याला कळतं, आपण कुणाच्या बाजूने आहोत तेही. तिथे रडायला बरं पडतं. 'टोकियो स्टोरी'त बाजू घ्यायला गेलं की हातात काही राहत नाही, आणि तरी आम्ही वर्गात ती घेतली होती. का, ते मला आता थोडं उमगतं. दहा गुणांचं उत्तर लिहायचं तर कुणीतरी दोषी लागतं. माणूस नाही तर शहरीकरण.

पण विद्यापीठाने डोक्यात भरलेलं सगळं फुकट, आणि मावशीची नजर तेवढी खरी, असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. तसं म्हणणं सोपं आहे आणि आजकाल लोकांना ते आवडतं. या सबंध चित्रपटात कॅमेरा जवळजवळ हलतच नाही. मग एके ठिकाणी, अतामीहून लवकर परतलेल्या दोघांना रात्री कुणाकडे जायचं असा प्रश्न पडलेला असताना, तो एका भिंतीच्या कडेने हळूच सरकू लागतो. सरकत सरकत पुढे जातो आणि भिंतीच्या कडेला दोघं बसलेली सापडतात. सरांनी ही जागा आम्हाला कॅसेट तीनदा मागे घेऊन दाखवली होती. तास-दीड तास स्थिर राहिलेल्या डोळ्याला ते सरकणं पोटात कळतं, हे त्यांचे शब्द. त्या दुपारी ती जागा आली तेव्हा मी सवयीने सावरून बसले, आणि त्याच क्षणी मावशी म्हणाली, "आता कुठे जाणार गं ही दोघं?" तिला कॅमेरा दिसला नव्हता. तिला तो लागला होता. तो का लागतो हे मला सांगता येतं, ते सरांमुळे; आणि हे सांगता येण्यातला आनंद खराखुरा आहे, तो मी कुणालाही देणार नाही. फक्त मला त्या क्षणी भिंत दिसत होती आणि तिला ती दोघं, एवढं खरं.

सध्या हे सगळं डोक्यात असण्याचं एक व्यावहारिक कारणही आहे. एका कॉलेजात मी अधूनमधून शिकवायला जाते आणि तिथे याच काळाचा पेपर नव्याने आखायचं काम आलंय. मी यादी देशांप्रमाणे न लावता सालाप्रमाणे लावली. त्याबरोबर विचित्र शेजार तयार झाले. १९५३ च्या रकान्यात 'टोकियो स्टोरी', मिझोगुचीचा 'उगेत्सु', 'दो बिघा जमीन', आणि 'श्यामची आई', जिला राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक मिळालं. एकाच वर्षी दोन देशांतले प्रेक्षक पडद्यावरच्या मरणाऱ्या आईसाठी रुमाल काढत होते. अत्र्यांच्या कॅमेऱ्यात ओझूचं काही नाही, मी तसा दावाही करणार नाही. पण मुलांना दोन्ही एका आठवड्यात दाखवले तर बोलायला पुष्कळ मिळेल. प्रश्नसंचात मी 'शिगेची बाजू मांडा' असा एक प्रश्न घातला आहे. समन्वयकांनी त्याचं आदर्श उत्तर मागितलंय, ते अजून दिलेलं नाही.

खरी अडचण १९५९ ची झाली. त्या वर्षी फ्रान्समधल्या कान महोत्सवात फ्रेंच दिग्दर्शक त्रुफोला 'द ४०० ब्लोज'साठी दिग्दर्शनाचं पारितोषिक मिळालं, आणि जगातल्या प्रत्येक अभ्यासक्रमात तिथून एक नवं प्रकरण सुरू होतं. 'अपुर संसार' त्याच वर्षीचा, 'कागज के फूल'ही. आणि अनंत मानेंचा 'सांगत्ये ऐका'सुद्धा, जो पुण्यात विजयानंद थिएटरला १३१ आठवडे चालला. मी तो रकान्यात लिहिला तर बैठकीत पहिला प्रश्न आला, मराठी चित्रपट 'आंतरराष्ट्रीय'मध्ये कसा काय? मी म्हटलं, फ्रेंच चित्रपट फ्रान्समध्ये आंतरराष्ट्रीय नसतो. त्यावर सगळे हसले, पण एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी नंतर बाजूला घेऊन जे विचारलं त्याला माझ्याकडे हसण्यावारी नेणारं उत्तर नव्हतं. "तुला स्वतःला तो चित्रपट त्रुफोच्या शेजारी बसण्याइतका चांगला वाटतो का?" नाही वाटत. गाणी आणि लावण्या सोडल्या तर त्यातले लांबलचक प्रसंग मला आज बसून बघवत नाहीत, आणि त्रुफोचा तो समुद्राकडे धावणारा मुलगा मी कितीही वेळा बघू शकते. पण अडीच वर्षं लोक विजयानंदच्या खिडकीवर रांग लावत होते, खेड्यापाड्यांतून येत होते, ते काय बघायला येत होते हे सांगणारा एकही तास माझ्या शिक्षणात नव्हता, आणि ही रांग मी शिकले त्या खोलीपासून काही मैलांवर होती. "मग तो समाजशास्त्राच्या पेपरात घाल," ते म्हणाले. असेलही त्यांचं बरोबर. तूर्तास मी तो यादीत ठेवलाय, पुढे पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढून, आणि अभ्यास मंडळाची बैठक पुढच्या महिन्यात आहे.